मेणबत्ती, फळा आणि पडदा

आमच्या पिढीतील विज्ञानशिक्षकाची जडणघडण टंचाईत झाली. प्रयोगशाळेच्या कपाटात एकच अमीटर, त्याचाही काटा शून्यावर न टेकणारा. साठ मुलांच्या वर्गाला तीन भिंगे. आणि कपाटाची किल्ली ज्या शिपायाच्या कमरेला, तो नेमका त्याच दिवशी टपाल घेऊन तालुक्याला गेलेला. अशा स्थितीत प्रयोग दाखविणे म्हणजे प्रयोगाचे वर्णन करणे, आणि वर्णन करणे म्हणजे पुस्तकातील परिच्छेद वाचून दाखविणे, असा शिरस्ता हळूहळू पडत गेला, तर त्यात सर्वस्वी शिक्षकाचाच दोष होता असे म्हणता यावयाचे नाही. इंग्रजीच्या शिक्षकाची अवस्थाही याहून निराळी नव्हती. जी भाषा शिकविण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपविलेली, ती घरात बोलणारा मनुष्य त्याने स्वतःच क्वचित ऐकलेला असे, आणि विद्यार्थ्यांच्या कानी पडणारी इंग्रजी म्हणजे काय ती त्याच्याच तोंडची. आज आंतरजालामुळे हे सारे पालटले आहे. ज्याला एक अमीटर मिळत नव्हता त्याच्यापुढे शंभर आभासी प्रयोगशाळा उभ्या आहेत, आणि ज्याने इंग्रज वक्ता पाहिला नव्हता त्याच्या खिशातील दूरध्वनीत हजार वक्ते बोलावयास सिद्ध आहेत. टंचाईत निभावून कसे न्यावे हे परिस्थितीने आम्हांला शिकविले. विपुलतेत काय टाकून द्यावे हे मात्र कोणीच शिकविले नाही. आठवी ते दहावीच्या, विशेषतः सेमी-इंग्रजीच्या वर्गांना विज्ञान किंवा इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींसाठी या बाबतीतला माझा थोडासा अनुभव येथे नमूद करीत आहे.

प्रथम माझ्याच एका चुकीची कबुली देतो. शाळेत प्रोजेक्टर आला त्या वर्षी दहावीच्या वर्गाला प्रकाशाच्या अपवर्तनावरील चाळीस मिनिटांची एक चित्रफीत मी अथपासून इतिपर्यंत दाखविली. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता, वर्ग निःशब्द होता, आणि त्या निःशब्दतेलाच एकाग्रता समजून मी मागच्या बाकावर मोठ्या समाधानाने बसलो होतो. दुसऱ्या दिवशी, पाण्यात बुडविलेली पेन्सिल वाकडी का दिसते, एवढा साधा प्रश्न विचारला, तेव्हा दोघातिघांनी निवेदकाच्या घोगऱ्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून दाखविली. कारण मात्र एकालाही सांगता आले नाही. पाण्याचा पेला आणि पेन्सिल, या दोन वस्तू त्या चाळीस मिनिटांत वर्गात कोठेच नव्हत्या, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

तेव्हापासून जो क्रम मी कटाक्षाने पाळीत आलो, तो असा की, आधी वर्गात वस्तू यावी, वस्तूतून प्रश्न निघावा, आणि हाताशी असलेल्या साधनांनी जेथे त्या प्रश्नाचे उत्तर मिळेनासे होते तेथेच पडदा उघडावा. मग पडद्यावर जे पाहिले ते मुलांनी प्रथम मराठीत सांगावे आणि शेवटी इंग्रजीत लिहावे. पस्तीस मिनिटांच्या तासात पडद्याच्या वाट्याला सात-आठ मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये, आणि त्या सात-आठ मिनिटांतही दोन-तीनदा चित्र थांबवून, ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारण्यास चुकू नये. वेळापत्रकात विज्ञान आणि इंग्रजी निरनिराळ्या चौकटींत बसविलेले असले, तरी सेमीच्या वर्गात एकाचे यश दुसऱ्यावर पुष्कळच अवलंबून असते. अपवर्तन ज्याला उत्तम कळले आहे, पण ‘रिफ्रॅक्शन’ आणि ‘रिफ्लेक्शन’ या दोन शब्दांत ज्याचा घोटाळा होतो, त्या मुलाच्या ज्ञानाची दखल उत्तरपत्रिकेत कशी घेतली जाणार? म्हणून या दोन विषयांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा, एखाद्या ऑफ तासाला का होईना, एकत्र बसून दोघांच्याही उपयोगी पडेल अशी एकच सामग्री निवडावी, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

अशा सामाईक सामग्रीचा नमुना म्हणून मी नेहमी एका जुन्या पुस्तकाकडे बोट दाखवितो. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. शालेय शिक्षण जेमतेम, उमेदवारी केली ती पुस्तकबांधणीच्या दुकानात. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत त्याने मुलांसाठी जी व्याख्याने दिली, त्यांपैकी एका साध्या मेणबत्तीवरील सहा व्याख्यानांची माला १८६०-६१ च्या हिवाळ्यात झाली आणि १८६१ साली ‘दि केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिचा प्रताधिकार केव्हाच संपलेला असल्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या, १९७१ साली आरंभ झालेल्या, विनामूल्य ग्रंथसंग्रहात ती समग्र मिळते. आणि लिब्रिव्हॉक्स हे जे स्वयंसेवकांचे ध्वनिग्रंथालय २००५ पासून चालू आहे, तेथे तिचे वाचनही ऐकावयास मिळते. विज्ञानाच्या शिक्षकाला प्रयोग आणि इंग्रजीच्या शिक्षकाला गद्य, असे दोघांनाही पुरून उरेल इतके या सहा व्याख्यानांत आहे.

हा पाठ मी कसा घेत असे ते थोडे विस्ताराने सांगतो. किराणा दुकानातील एक मेणबत्ती टेबलावर लावावी. शेजारी वाळूची बादली असावी, आणि ओढण्या व मोकळे केस ज्योतीपासून दूर राहतील याची खबरदारी घ्यावी. मग काही न सांगता मुलांना केवळ पाहावयास लावून जे दिसेल ते वहीत टिपावयास सांगावे. पहिल्या पाच मिनिटांत बहुतेकांच्या वहीत ‘मेणबत्ती जळत आहे’ याच्यापलीकडे काही नसते. पण थोडा धीर धरला की कोणाला वातीच्या बुडाशी वितळलेल्या मेणाची वाटी दिसते, कोणाला ज्योतीच्या पोटातला काळसर भाग दिसतो, आणि एखादी चौकस मुलगी विचारते की मेण तर वाटीत आहे, ते वातीच्या टोकाशी चढते कसे? येथे केशाकर्षणाला आपोआप वाट मिळते. यानंतर ज्योत हलकेच विझवून, वातीतून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेघेला दोन बोटे अंतरावरून जळती काडी लावावी. ज्योत त्या रेघेवरून उडी मारून वातीवर परत येते आणि जळते ते मेण नव्हे, मेणाची वाफ, हे सिद्धान्तरूपाने सांगण्याची गरजच उरत नाही. शेवटी काचेचा कोरडा पेला ज्योतीवर क्षणभर पालथा धरावा, म्हणजे आतून त्यावर बाष्प धरते. फॅरडेने येथे बर्फ घातलेले भांडे वापरले होते. परंतु आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, बर्फाच्या भांड्याला मेणबत्तीवाचूनच घाम फुटतो, आणि मग ते पाणी ज्योतीचे की हवेचे, हा वाद मिटविण्यासाठी बिनमेणबत्तीचे दुसरे भांडे शेजारी ठेवावे लागते. वेळ असेल तर तसे अवश्य करावे, कारण तुलनेसाठी ठेवलेले ते दुसरे भांडे मुलांना प्रयोगाची शिस्त जितकी शिकविते तितकी कोणतीही व्याख्या शिकवीत नाही.

हे झाल्यावर इंग्रजीच्या तासाला त्या पुस्तकातील दहा-बारा ओळींचा, वाटीच्या घडणीविषयीचा भाग घ्यावा. याहून अधिक घेऊ नये, कारण फॅरडेची वाक्ये लांब आहेत आणि व्हिक्टोरियाकालीन इंग्रजीत आजच्या मुलाचा दम लवकर भरतो. प्रथम पुस्तक बंद ठेवून ध्वनिमुद्रण एकदा ऐकवावे, नंतर मजकूर समोर ठेवून पुन्हा. लिब्रिव्हॉक्सचे वाचक हौशी असल्यामुळे कोणी सावकाश वाचतो, तर कोणी आगगाडी पकडावयाची असल्यासारखा. तेव्हा शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतः ऐकून ठेवणे इष्ट. जे डोळ्यांनी पाहून झाले आहे तेच कानांवर पडत असल्यामुळे, एरवी ज्या उताऱ्यापुढे वर्गाने हात टेकले असते, त्याचा निम्मा अर्थ मुले शब्दकोशावाचून लावतात. मग आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त इंग्रजीत लिहावयास द्यावा. ‘पॅसिव्ह व्हॉइस’ नावाचे जे प्रकरण व्याकरणाच्या तासाला निर्जीव वाटते, ते येथे गरजेपोटी येते. पेला कोणी धरला याला महत्त्व नाही, तो धरला गेला आणि त्यावर बाष्प जमले याला आहे, हे कळलेल्या मुलाला ‘दि ग्लास वॉज हेल्ड’ असे का लिहावयाचे याचे कारण निराळे सांगावे लागत नाही.

मेणबत्तीचाच धागा पुढे नेऊन एका धोक्याची सूचना देतो. ताटलीत पाणी, मध्ये जळती मेणबत्ती आणि तिच्यावर पालथा पेला, या प्रयोगाच्या चित्रफिती आंतरजालावर असंख्य आहेत. आणि त्यांतील बऱ्याच फितींत असे ठासून सांगितलेले असते की, मेणबत्तीने पेल्यातील ऑक्सिजन संपविला, हवेत ऑक्सिजन एक-पंचमांश, म्हणून पाणी एक-पंचमांश चढले. हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. ज्योत विझते तेव्हा पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि जो खर्च झाला त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइडही निर्माण झालेला असतो. पाणी चढते ते मुख्यतः ज्योतीने तापून प्रसरण पावलेली हवा पुढे थंड होऊन आकुंचन पावते म्हणून. पण शिक्षकाने हे स्वतः सांगून टाकू नये. चित्रफीत दाखवावी, तिचे म्हणणे फळ्यावर लिहावे, आणि मुलांना विचारावे की हे खरे असेल तर पाणी केव्हा चढावयास हवे? ज्योत जळत असताना, क्रमाक्रमाने, हे उत्तर ती देतात. मग प्रत्यक्ष करून पाहावे: पाणी झपाट्याने चढते ते ज्योत मंदावून विझल्यावर. एकीऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी आणखी वर जाते, वास्तविक पेला तोच आणि हवाही तेवढीच. ज्या वर्गाने एकदा अशी एक चित्रफीत खोटी पाडली, तो पुढे कोणत्याही चित्रफितीपुढे मान तुकवीत नाही. म्हणून मी तर असे म्हणेन की, चुकीची सामग्री दिसली की ती टाकून न देता अशा उपयोगासाठी राखून ठेवावी.

आता आभासी प्रयोगांकडे वळू. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील शाखेत, २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कार्ल वीमन यांनी २००२ साली ‘फेट’ नावाचा जो प्रकल्प सुरू केला, त्याची सिम्युलेशने आज जगभर विनामूल्य वापरली जातात, आणि त्यांपैकी अनेक मराठीतही उपलब्ध आहेत. अमृता विश्वविद्यापीठ आणि मुंबईचे सी-डॅक यांनी मिळून सिद्ध केलेल्या ‘ओलॅब्स’मध्ये शालेय प्रात्यक्षिके आपल्या अभ्यासक्रमाच्या अधिक जवळची आहेत, परंतु फेटची मांडणी खेळकर आहे आणि मुलाच्या हाताला तेथे अधिक मोकळीक आहे. विद्युतमंडलाच्या सिम्युलेशनात तारा, घट आणि दिवे हवे तसे जोडता येतात, आणि चुकीची जोडणी केल्यास आग लागलेली दिसते. खऱ्या प्रयोगशाळेत ज्या चुकीपायी मुख्याध्यापकांकडे वर्दी गेली असती, ती येथे दहादा करून पाहण्यास कोणाची हरकत नाही. ही मुभा फार मोलाची आहे.

तथापि या सिम्युलेशनांना दोन गोष्टी साधत नाहीत. पहिली अशी की, तेथील ओहमचा नियम सहसा चुकत नाही. सिम्युलेशनातील रोधाला दुप्पट विभवांतर दिले की विद्युतधारा बरोबर दुप्पट होते. खऱ्या टॉर्चच्या दिव्याला दिले तर तार तापून तिचा रोध वाढतो आणि धारा दुपटीला पोहोचत नाही. वाचन आणि नियम यांतील ही तफावतच विज्ञानाचे खरे प्रवेशद्वार असल्यामुळे, दोन सेल, एक दिवा आणि उधार आणलेला मल्टिमीटर एवढ्यावर का होईना, खरा प्रयोग एकदा केल्यावाचून सिम्युलेशनाला हात लावू नये. दुसरी गोष्ट चित्राची. तारेतून निळ्या गोळ्या धावताना पाहून इलेक्ट्रॉन बटण दाबताक्षणी घटापासून दिव्यापर्यंत पळत जातात, अशी समजूत मुलांच्या मनात घट्ट होते. वस्तुतः साध्या तारेत त्यांची सरासरी पुढे सरकण्याची गती सेकंदाला मिलिमीटरच्या अंशाइतकीच असते, आणि दिवा तत्काळ लागतो तो संपूर्ण तारेतील इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाच वेळी हलू लागतात म्हणून. पाण्याने आधीच भरलेल्या नळीचे तोंड उघडले की दुसऱ्या टोकाशी पाणी लगेच पडते, हा शेतकऱ्याच्या घरातील मुलाला ठाऊक असलेला दाखला येथे कोणत्याही पडद्याहून अधिक समजूत घालतो. सिम्युलेशन हा नकाशा आहे, मुलूख नव्हे.

याउलट ज्या गोष्टी आपल्या हाती येऊच शकत नाहीत, तेथे सिम्युलेशनाला तोड नाही. एक मीटर दोरीला दगड बांधून लंबक केला तर त्याचे एक आंदोलन सुमारे दोन सेकंदांत होते; हे वर्गात दाराच्या चौकटीला टांगून मोजावे, दहा आंदोलनांचा वेळ घेऊन दहाने भागावे, आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढावे. मग फेटच्या लंबकाला तेवढीच लांबी देऊन तो चंद्रावर न्यावा, म्हणजे तेच आंदोलन पाच सेकंदांच्या घरात जाते, आणि गुरूवर नेला की सव्वा सेकंदावर येते. दहावीच्या पुस्तकातील गुरुत्वाकर्षणाचे पहिलेच प्रकरण या एका तासात जिवंत होते.

उपकरण म्हणून खुद्द दूरध्वनीचा उपयोग करावा, हे फार थोड्यांच्या मनात येते. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाने २०१६ पासून विनामूल्य दिलेले ‘फायफॉक्स’ नावाचे ॲप दूरध्वनीतील संवेदकांना मोजमापाची साधने बनविते. त्यात आवाजाने चालू आणि आवाजाने बंद होणारे एक घड्याळ आहे. दोन दूरध्वनी परस्परांपासून पाच मीटर अंतरावर ठेवावेत. पहिल्याजवळ एकाने टाळी वाजविली की त्याचे घड्याळ लगेच आणि दुसऱ्याचे आवाज तेथवर पोहोचल्यावर सुरू होते. नंतर दुसऱ्याजवळच्याने टाळी वाजविली की त्याचे लगेच आणि पहिल्याचे किंचित उशिरा थांबते. दोन घड्याळांतील फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर जाण्यास लागलेला वेळ, आणि तो सुमारे २९ सहस्रांश सेकंद येतो. भागाकार केला की ध्वनीचा वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास निघतो. नववीच्या ‘ध्वनीचा अभ्यास’ या प्रकरणात जो आकडा मुले पाठ करतात, तो आपल्याच टाळीतून निघालेला पाहून त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटतो, तो पाहण्यासाठी शिक्षकाने आपला दूरध्वनी वर्गात न्यावा. प्रयोगाला मैदान शांत हवे. शेजारी खो-खो चालू असल्यास घड्याळे कोणाच्याही आरोळीवर थांबतात.

अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाचा उल्लेख केल्यावाचून विज्ञानाचा हा विचार पुरा होणार नाही. आयआयटी कानपूरचे हे पदवीधर पुण्याच्या आयुकामधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी घडवीत राहिले, आणि ती कशी करावयाची हे दाखविणाऱ्या चित्रफिती व शेकडो पुस्तके, मराठीतील पुस्तकांसह, त्यांनी सर्वांना खुली केली. येथे पडदा मुलाला पडद्यापासून दूर, हाताच्या कामाकडे नेतो. म्हणून सगळ्या संकेतस्थळांत माझा पक्षपात या एकाकडे आहे, हे लपविण्याचे कारण नाही.

इंग्रजीच्या बाबतीत आंतरजालाची खरी देणगी कानाची आहे. मराठी माणसाच्या जिभेला व्हाइन आणि वाइन यांतील भेद अवघड जातो, कारण आपला ‘व’ दोहोंना एकच. आणि शब्दातील आघाताची तर आपल्याला सवयच नाही. ‘एक्सपेरिमेंट’ या शब्दातील जोर दुसऱ्या अवयवावर पडतो, हे वर्षानुवर्षे विज्ञान शिकविलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. पण ज्या मराठी मुलाला पृथ्वीवाचक ‘जग’ आणि पाण्याचा ‘जग’ हे एकाच अक्षराचे दोन उच्चार उपजतच कळतात, त्याचा कान मुळात जड नाही. त्याला फक्त पुरेसे ऐकविले गेलेले नाही. केंब्रिजच्या आंतरजालीय शब्दकोशात प्रत्येक शब्दाचा उच्चार ऐकता येतो, आणि ‘यूग्लिश’ या संकेतस्थळावर एखादा शब्द दिला की तो निरनिराळ्या वक्त्यांच्या तोंडून, वाक्यात वापरलेला ऐकू येतो. विज्ञानाच्या प्रत्येक प्रकरणातील दहा शब्द निवडून असे ऐकवावेत. नाटकातल्यासारखी इंग्रजी लकब मात्र मुलांकडून मागू नये. सलग ऐकण्यासाठी बीबीसीच्या, १९४३ पासून चालत आलेल्या, इंग्रजी शिक्षण विभागाचा सहा मिनिटांचा कार्यक्रम सोयीचा आहे. त्याचा लिखित मजकूरही मिळतो, आणि विज्ञानाचे विषयही त्यात वारंवार येतात.

शब्दार्थाच्या बाबतीत एक खेळ वर्गाला फार आवडतो. विज्ञानातील इंग्रजी शब्द बहुधा बाजारातील शब्दच असतात, पण त्यांनी निराळा पोशाख केलेला असतो. ‘सोल्यूशन’ गणितात उकल आणि रसायनात द्रावण. ‘सेल’ जीवशास्त्रात पेशी, विजेच्या प्रकरणात घट आणि तुरुंगात कोठडी. आणि ‘कंडक्टर’ म्हटला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो एस.टी.तला, जो सरकारी मराठीत ‘वाहक’ असतो आणि तांब्याची तारही ‘वाहक’च असते! असे शब्द मुलांनी शोधून दोन्ही भाषांत तक्ता करावा. मराठी पर्यायासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, तसेच १९७६ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड निघाला तो मराठी विश्वकोश, दोन्ही आता आंतरजालावर आहेत. दहावीच्या जाणत्या मुलांना मी एकाच विषयावरील तीन नोंदी वाचावयास देत असे: विश्वकोशातील मराठी, सोप्या इंग्रजीतील विकिपीडियाची, आणि मोठ्या इंग्रजी विकिपीडियाचा केवळ पहिला परिच्छेद. पहिलीने अर्थ कळतो, दुसरीने धीर येतो, आणि तिसरीची भीती मोडते. ज्यांचे इंग्रजी फारच कच्चे आहे त्यांच्यासाठी ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वरील विज्ञानकथा, ज्यांच्या मराठी व इंग्रजी आवृत्त्या शेजारी ठेवता येतात, अधिक बऱ्या. चित्रे लहान मुलांची आहेत म्हणून आठवीचा मुलगा नाक मुरडील, तर त्याला ती खालच्या वर्गाला वाचून दाखविण्याचे काम द्यावे.

व्यवस्थेच्या चार गोष्टी थोडक्यात सांगतो. तासाच्या वेळी रेंज मिळेलच या भरवशावर कधीही राहू नये. फेटची सिम्युलेशने उतरवून ठेवता येतात, ‘किविक्स’ या सॉफ्टवेअरच्या योगे विकिपीडियाच पेनड्राइव्हवर बाळगता येतो, आणि बालभारतीची पुस्तकेही तशीच साठविता येतात. पुस्तकातील क्यूआर कोड उघडल्यावर जी सामग्री येते ती वर्गात नेण्यापूर्वी घरी संपूर्ण पाहावी, आणि पाठाच्या टाचणात ‘चित्रफीत दाखविली’ एवढेच न लिहिता, कोठे थांबविली व कोणता प्रश्न विचारला हे लिहावे. पुढच्या वर्षी तेच टाचण उपयोगी पडते. मुलांना आपापल्या नावाने खाती उघडावयास लावू नये. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद २०२३ च्या कायद्यात आहे, आणि फेटसारख्या साधनांना खाते लागतच नाही. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाचे ५२ वे कलम अध्यापनाच्या ओघात दुसऱ्याची सामग्री वापरण्याची सवलत देते; पण दुसऱ्याची संपूर्ण चित्रफीत आपल्या नावाच्या चॅनेलवर चढविणे हे अध्यापन नव्हे.

प्रश्नाला तत्काळ उत्तर लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी हल्ली प्रत्येक सभेत विचारणा होते. मी तिच्याकडे हुशार कारकुनाच्या नजरेने पाहतो. एका उताऱ्यावर वीस प्रश्नांचा मसुदा ती क्षणात करून देते, अवघड परिच्छेद सोप्या इंग्रजीत उतरवून देते. परंतु न घडलेली गोष्टही ती त्याच ठाम स्वरात सांगते. तेव्हा मसुदा तिचा असो, वाचून सही करावयाची ती आपण.

शेवटी, ज्या पाठात पडद्यावाचून गत्यंतरच नाही असा एक पाठ सांगतो. स्टेलॅरियम हे आकाशदर्शनाचे विनामूल्य सॉफ्टवेअर संगणकावर घेतले की आंतरजालाची गरज पुढे लागत नाही. त्यात स्थळ इटलीतील पादुआ आणि काळ १६१० च्या जानेवारीची ७ तारीख, संध्याकाळ, असा ठेवून गुरू मोठा करावा. त्या रात्री गॅलिलिओने आपल्या दुर्बिणीतून गुरूच्या पूर्वेला दोन आणि पश्चिमेला एक तारा पाहिला होता. पडद्यावर मात्र चार ठिपके दिसतात, कारण त्याच्या विसेक पटींच्या दुर्बिणीला न सुटलेले दोन उपग्रह आपल्याला वेगळे दिसतात. ‘मग त्याला तीनच का दिसले?’ हा प्रश्न मुलांकडून येईपर्यंत थांबावे. ८ तारखेला त्याला तीनही ठिपके पश्चिमेला दिसले, १० तारखेला दोनच दिसले आणि तेही पूर्वेला, आणि १३ तारखेला प्रथमच चार. मुलांनी रोज एक रात्र पाहावी, वर्तुळ आणि ठिपके काढावेत, आणि खाली साध्या भूतकाळात दोन इंग्रजी वाक्ये लिहावीत. सहा दिवसांत विज्ञानाची एक नोंदवही आणि इंग्रजीचा एक निबंध अनायासे तयार होतो.

९ तारखेचे पान मात्र मी त्यांना रिकामे ठेवावयास सांगत असे, कारण त्या रात्री पादुआवर ढग होते. ‘पण सर, कॉम्प्युटरवर तर ढग नाहीत, सगळे स्वच्छ दिसते आहे,’ अशी तक्रार दरवर्षी कोणीतरी करीतच असे. त्यावर मी ‘क्लाउडी’ हा शब्द फळ्यावर लिहून देत असे, आणि त्या महिन्यात गुरू संध्याकाळी उगवत असल्यास, रात्री आठ वाजता शाळेच्या मैदानावर यावयास सांगत असे. कोणाच्या मामांची दुर्बीण असलीच तर तीही आणावी, इतकेच.